एक सायकल, तीन स्वार

एकत्र कुटुंबांत कोणतीही वस्तु फार काळ एकट्याची राहत नाहीं. छत्री, विजेरी आणि सायकल ह्या तीन गोष्टी तर ज्याच्या हातीं प्रथम लागतील त्याच्या! आमच्या डहाणूच्या घरीं थोरल्या पुतण्यासाठीं डोंगरी सायकल आली, ती अशीच सर्वांची झाली. थोरल्याचें वजन ६० किलो. त्याचा शाळेंत जाणारा धाकटा भाऊ ४५ किलोंचा. आणि प्रस्तुत लेखक ८० किलोंच्या घरांत. हीं तीन वजनें एकाच सायकलीवर आळीपाळीनें बसत, आणि ह्यांत कांहीं विचार करण्यासारखें आहे असें आम्हां कोणाच्याच मनांत आलें नाहीं. पुढें सायकलीचा मागचा शॉक बिघडला, तो बदलतांना आमची चूक झाली, आणि थोरल्या पुतण्याचें मनगट मोडलें. त्या निमित्तानें जें शिकावें लागलें, तें इतरांस न पडतां शिकतां यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शॉक म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कांहीं डोंगरी सायकलींच्या केवळ पुढच्या चाकास शॉक असतो. कांहींच्या दोन्ही चाकांस असतो. ह्या दुसऱ्या प्रकारांत मागचें चाक मुख्य फ्रेमीस घट्ट जखडलेलें नसतें. तें बिजागरीवर वरखालीं हलणाऱ्या एका वेगळ्या भागांत बसविलेलें असतें, आणि तो भाग व मुख्य फ्रेम ह्यांच्यामध्यें शॉक असतो. चाकाखालीं दगड आला कीं चाक वर उचललें जातें, शॉक दबतो, आणि स्वार बहुतेक जागच्या जागीं राहतो.

शॉकचीं कामें दोन आहेत. स्प्रिंग धक्का झेलते. परंतु नुसती स्प्रिंग झेललेला धक्का जवळजवळ तितक्याच जोरानें परत देते. म्हणून चांगल्या शॉकच्या पोटांत तेल भरलेलें असतें. आंतील दट्ट्या हलतांना हें तेल बारीक छिद्रांतून जातें, आणि धक्क्याचा जोर उष्णतेच्या रूपानें जिरतो. ज्यांत तेल नाहीं, केवळ स्प्रिंग आहे, असे स्वस्त शॉकही बाजारांत मिळतात. त्यांवर सायकल शिंगरासारखी उड्या मारते, आणि उतारावर मागचें चाक जमिनीस धरून राहत नाहीं.

स्प्रिंगेचें काम लोखंडी वेटोळें करतें, तसेंच कोंडलेली हवाही करते. ही दुसरी युक्ति कांहीं नवी नव्हे. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्यानें १८८७ सालीं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीस हवेचे टायर बसविले व १८८८ सालीं त्यांचें पेटंट घेतलें, तेंही हेंच तत्त्व. पुढें १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांतले कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन टमाल्पाइस डोंगराचे उतार उतरूं लागले. आजच्या डोंगरी सायकलीचा वंश तेथून सुरू होतो. दोन्ही चाकांस शॉक असलेल्या सायकली बाजारांत रुळल्या त्या १९९० नंतर.

आमच्या भागास ही सायकल मानवते. डहाणू-बोर्डीचा किनारा सपाट, चिकूच्या वाड्यांमधून जाणारा. तेथें साधी सायकलही पुरे. परंतु पूर्वेस चारोटीच्या बाजूनें महालक्ष्मीच्या डोंगराकडे निघावें, किंवा तलासरीच्या पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा धराव्या, कीं चढउतार लागतात. पावसाळा संपला म्हणजे ह्या वाटांवरची माती वाहून गेलेली असते आणि दगड उघडे पडलेले असतात. मुलांस ह्याच वाटांचें वेड. आणि शॉकची खरी परीक्षा होते तीही तेथेंच.

आमच्या सायकलीचा मूळ शॉक हवेचा होता. एके दिवशीं त्याच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसूं लागला आणि सायकल मागून खचूं लागली. आम्हीं पट्टीनें शॉकची लांबी मोजली. २१० मिलिमीटर भरली. तेवढ्याच लांबीचा हवेचा शॉक मुंबईच्या एका दुकानांतून मागविला. तो बोल्टांवर बिनतक्रार बसला, तेव्हां काम फत्ते झालें असें वाटलें. धाकट्यानें आपल्या वजनास बेताची अशी हवा भरून घेतली व दोन दिवस सायकल हिंडविली. तिसऱ्या दिवशीं थोरला तीच सायकल घेऊन तलासरीकडे गेला. हवा पाहण्याचें त्यास सुचलें नाहीं. एका उतारावर मोठा दगड लागला, शॉक तळापर्यंत दबला, मागचा टायर सीटखालच्या नळीवर जोरानें आदळून क्षणभर अडकला, आणि मुलगा हँडलवरून पुढें फेकला गेला. दीड महिना हात प्लास्टरमध्यें होता.

"काका, लांबी तर बरोबर होती ना?" असें त्यानें मला विचारलें. लांबी बरोबर होती. परंतु शॉकला दोन मापें असतात आणि आम्हीं एकच मोजलें होतें.

पहिलें माप लांबीचें : शॉक पूर्ण मोकळा असतां दोन्ही टोकांच्या बोल्टांच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचें अंतर. दुसरें माप चालीचें : शॉक जास्तींत जास्त किती दबतो तें. आमचा मूळ शॉक २१० बाय ५० होता, नवा २१० बाय ५५. बाहेरून दोघे जुळे भाऊ. आमच्या सायकलींत शॉक १ मिलिमीटर दबला कीं चाक सुमारें अडीच मिलिमीटर वर येतें. म्हणजे ५० च्या चालीस चाक १२५ मिलिमीटर उचललें जाई, तें आतां १३७ मिलिमीटरांच्याही वर जाऊं लागलें. फ्रेम बनविणारानें टायर व नळी ह्यांच्यामध्यें तेवढी जागा ठेविलेलीच नव्हती. पांच मिलिमीटरांच्या फरकानें मनगट मोडूं शकतें, हें आम्हांस असें कळलें.

ह्याच्या उलट, चाल कमी असलेला शॉक बसविला तर धोका कमी, पण सायकलीचें सामर्थ्य फुकट जातें. लांबी अधिक झाली तर सायकलीचें ढुंगण वर उचललें जातें व सगळा भार हँडलवर येतो. कमी झाली तर पायडल दगडांस घांसूं लागतात. तेव्हां दोन्ही मापें जशींच्या तशीं हवींत. तीं बहुधा शॉकच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेलीं असतात. नसल्यास सायकलीच्या माहितीपुस्तकांत पाहावीं. दिसणारा दांडा मोजून चाल ठरवूं नये. दांडा पुष्कळदां चालीपेक्षां थोडा अधिक उघडा असतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९० बाय ५०, २०० बाय ५७ हीं इंचांवरून आलेलीं जुनीं मापें. २०१६ पासून २१० बाय ५०, २३० बाय ६० अशीं नवीं मापें रूढ झालीं. जुन्या सायकलीस नवें माप "साधारण बसेल" असें कोणी म्हटलें, तर नम्रपणें नकार द्यावा.

टोकांकडेही पाहावें. बोल्टाची जाडी आणि बुशाची रुंदी ही प्रत्येक फ्रेमीस निराळी असते, आणि कांहीं शॉकच्या वरच्या टोकास भोक नसून दोहों बाजूंनीं दोन बोल्ट बसतात. ह्या दुसऱ्या प्रकारास ट्रनियन म्हणतात. एका प्रकारच्या फ्रेमीस दुसऱ्या प्रकारचा शॉक बसत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न : लोखंडी स्प्रिंग घ्यावी कीं हवेचा शॉक? येथें स्वाराचें वजन पाहावें लागतें. स्वार नेहमींच्या पवित्र्यांत बसला असतां शॉक आपल्या चालीच्या सुमारें तीस टक्के दबावा, असा सर्वसाधारण नियम आहे. ५० मिलिमीटरांच्या चालीस १५ मिलिमीटर. बसल्यावर वजनाचा सुमारें ६५ टक्के भार मागच्या चाकावर येतो असें धरूं. ६० किलोंच्या स्वाराचा भार ३९ किलो झाला. अडीचपट केल्यावर शॉकवर साडेसत्त्याण्णव किलो आला. त्यास १५ नीं भागलें कीं दर मिलिमीटरास साडेसहा किलो. स्प्रिंगेचा ताठरपणा दर इंचास किती पौंड असा लिहितात. त्यासाठीं ह्या आंकड्यास ५६ नीं गुणावें. उत्तर सुमारें ३६५ येतें. ह्याच हिशेबानें ४५ किलोंच्या मुलास सुमारें २७५ ची स्प्रिंग हवी, आणि ८० किलोंच्या काकास ४८५ ची. हा हिशेब अंदाजाचा आहे व प्रत्येक फ्रेमीप्रमाणें तो थोडा बदलतो. तथापि तिघांस एकच स्प्रिंग चालणार नाहीं हें त्यावरून उघड होतें. काकाची स्प्रिंग धाकट्याखालीं जेमतेम दबेल. धाकट्याची काकाखालीं प्रत्येक खड्ड्यास तळ गांठील.

स्प्रिंगेचे गुण पुष्कळ आहेत. ती लहान धक्केही हळुवारपणें झेलते, उन्हांत तापून बदलत नाहीं, आणि तिची निगा थोडी. सायकल एकट्याची असेल, वजन ठरलेलें असेल आणि फ्रेम बनविणारानें स्प्रिंगेस संमति दिलेली असेल, तर स्प्रिंग खुशाल घ्यावी. मात्र समुद्राकांठच्या खाऱ्या हवेंत ती गंजते. म्हणून पुसून कोरडी ठेवावी. ज्या घरांत एका सायकलीवर अनेक स्वार बसतात तेथें हवेचाच शॉक योग्य, कारण वजन बदललें कीं हवा बदलतां येते. स्प्रिंग बदलण्यास शॉक उतरवावा लागतो; हवा बदलण्यास दोन मिनिटें पुरतात.

परंतु ह्या सोयीबरोबर दोन जबाबदाऱ्या येतात. पहिली, टायरचा पंप येथें चालत नाहीं. शॉकमध्यें टायरच्या कितीतरी पट दाब असतो आणि जागा अगदीं थोडी. म्हणून कांटा असलेला शॉकचा स्वतंत्र पंप घ्यावा व शॉकवर लिहिलेली दाबाची मर्यादा कधींही ओलांडूं नये. दुसरी, हवा कोंडणारे रबरी सील झिजतात. वाळू आणि चिखल त्यांचे शत्रु. सुमारें पन्नास तासांच्या स्वारीनंतर सील साफ करून त्यांस तेल द्यावें लागतें.

नवा शॉक घेण्यापूर्वीं जुना खरोखर निकामी झाला आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. सीट धरून सायकल किंचित् उचलतांना खडखड झाली तर दोष बहुधा बुशांचा अथवा बिजागरीच्या बेअरिंगांचा असतो. तें काम थोडक्यांत भागतें. नुसती हवा जात असेल तर नवे सील पुरतात. तेल गळूं लागलें, किंवा हवा भरूनही शॉक दबलेलाच राहिला, तर तो जाणत्याकडे द्यावा. अशा दबलेल्या शॉकमध्यें हवा अडकलेली असते, आणि पुष्कळ शॉकच्या पोटांत नायट्रोजन वायु मोठ्या दाबाखालीं भरलेला असतो. घरीं पाना लावून तो उघडणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय.

सरतेशेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नवा शॉक बसविल्यावर त्यांतील सर्व हवा सोडावी, अथवा स्प्रिंग काढून ठेवावी, आणि हातांनीं चाक वर दाबून शॉक तळापर्यंत न्यावा. टायर कोठें टेकतो काय, बिजागरी कोठें आदळते काय, हें डोळ्यांनीं पाहावें. ह्या परीक्षेस पांच मिनिटें लागतात. आम्हीं तीं पांच मिनिटें दिलीं असतीं तर दीड महिन्याचें प्लास्टर वांचलें असतें.

आतां ५० च्या चालीचा शॉक बसविला आहे. त्याच्या दांड्यावर एक रबरी कडें असतें. स्वार बसून उतरला कीं शॉक किती दबला तें कडें दाखवितें. तिघांसाठीं तें १५ मिलिमीटरांवर येईपर्यंत हवा कमीजास्त करून पाहिली, आणि ते तीन आंकडे एका कागदावर लिहून कागद ओटीवरच्या भिंतीस चिकटविला. पंप त्याच्याच खालीं खुंटीस टांगलेला आहे. सायकल पूर्वींप्रमाणेंच सर्वांची आहे. मात्र ती ओटीवरून उतरविण्यापूर्वीं प्रत्येक जण घरांत वळून विचारतो, "शेवटीं कोण बसलें होतें?"