संगणकनिर्मित सिरॅमिक इन्लेची जुळणी : सिमेंटनंतरच्या मापनाचे महत्त्व

प्रस्तावना :
किडलेला भाग काढल्यानंतर दातात उरणाऱ्या खळग्यात नेमका बसेल असा, तोंडाबाहेर तयार केलेला तुकडा म्हणजे 'इन्ले' होय. झुरिच विद्यापीठातील वर्नर मोरमान व अभियंता मार्को ब्रँडेस्टिनी यांच्या 'सेरेक' यंत्रणेमुळे १९८५ मध्ये सिरॅमिक इन्ले एकाच भेटीत तयार करून बसविणे शक्य झाले. प्रयोगशाळेत बनणाऱ्या इन्लेसाठी सामान्यतः दोन भेटी लागतात. चवदार तळ्याच्या महाडहून सुमारे १७० किलोमीटरवरील मुंबईस उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही बचत मोलाची आहे. परंतु इन्लेच्या कडेशी पुन्हा कीड लागल्यास तोच प्रवास पुन्हा घडतो. म्हणून वेगाइतकाच जुळणीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जुळणीची संकल्पना :
इन्ले व दात यांच्या कडांमधील अंतरास कडेची फट, तर तळ व भिंतींशी राहणाऱ्या अंतरास अंतर्गत फट म्हणतात. मॅकलीन व फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये हजाराहून अधिक दंतपुनर्रचनांच्या पाच वर्षांच्या अभ्यासावरून १२० मायक्रॉन, म्हणजेच ०.१२ मिलिमीटर, ही कडेच्या फटीची स्वीकार्य मर्यादा सुचविली. आजही अनेक अभ्यासक हाच निकष वापरतात.

फटीची कारणे :
प्रतिमा घेताना सूक्ष्म त्रुटी राहतात. कापणाऱ्या हिरकणी-अवजाराच्या टोकाहून खळग्याचा कोपरा अरुंद असल्यास तेथे सिरॅमिक अधिक कापले जाते व अंतर्गत फट वाढते. म्हणून खळग्याचे आतील कोपरे गोलाकार ठेवावे लागतात. शिवाय सिमेंटसाठी संगणकप्रणालीत मुद्दाम काही जागा सोडलेली असते.

सिमेंटचा परिणाम :
ही जागा फार कमी असल्यास दाट सिमेंट बाहेर पडू शकत नाही. त्याच्या दाबाने इन्ले पूर्ण खाली बसत नाही आणि चाचणीच्या वेळी अचूक वाटलेली कड उंच राहते. जागा फार अधिक असल्यास सिमेंटचा थर जाड होतो व घट्ट होताना त्याच्या आकुंचनाचा ताण जोडावर येतो. रेझिन सिमेंट सिरॅमिकपेक्षा मऊ असल्याने चावण्याने व घासण्याने लवकर झिजते. फट जितकी रुंद, तितकी कडेशी चर पडण्याची शक्यता अधिक. सिरॅमिकवर हायड्रोफ्लोरिक आम्ल व सिलेन, इनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल आणि काम पूर्ण होईपर्यंत दात कोरडा राखणे, यांवर जोडाचा टिकाऊपणा अवलंबून असतो. चांगला जोड रुंद फटीचे काही दुष्परिणाम सौम्य करतो. फट मात्र नाहीशी करीत नाही.

मापन :
सिमेंटपूर्वी इन्लेखाली सिलिकॉनचा पातळ थर घेऊन त्याची जाडी मोजता येते. सिमेंटनंतर कडेच्या ठशाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करतात. काढलेल्या दातांवरील प्रयोगांत छेद घेता येतो किंवा सूक्ष्म सीटी-चित्रण करता येते. येथे केवळ सरासरी पुरेशी नाही. सरासरी ७० मायक्रॉन असूनही एखाद्या ठिकाणी फट २०० मायक्रॉन असू शकते. दोन दातांमधील, हिरडीलगतची कड या दृष्टीने विशेष जोखमीची होय. कारण ती दिसण्यास व स्वच्छ करण्यास कठीण असते.

निष्कर्ष :
यंत्राची अचूकता ही जुळणीची पूर्वअट आहे, हमी नव्हे. खळग्याचा आकार, सोडलेली जागा, सिमेंटचा दाटपणा व दंतवैद्याचे कौशल्य या सर्वांचा एकत्रित परिणाम सिमेंटनंतरच दिसतो. म्हणून कोणत्याही संगणकप्रणालीचे मूल्यमापन सिमेंटनंतरच्या मोजमापाने, तेही सर्वांत रुंद फटीची नोंद घेऊन करणे आवश्यक ठरते.