पिंजऱ्यातला मिठू आणि घरातला खोकला

भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. अशा गावांच्या आसपास, धानाच्या बांध्यांकडेच्या जुन्या मोह-आंब्यांच्या ढोलीत थंडी सरता सरता पोपटांची वीण सुरू होते. मादी तीन-चार अंडी सुमारे तीन आठवडे उबवते. पुढे पिल्ले दीड-पावणेदोन महिने ढोलीतच असतात. नेमकी तेव्हाच ती पळवली जातात.

पोपट बहुधा सुतार किंवा तांबट पक्ष्याने सोडलेली ढोली वापरतो. हात जावा म्हणून ती फोडली, की पिल्लांबरोबर पुढच्या वर्षीचे घरही जाते. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट आज जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावरील पक्ष्यांत गणला जातो, त्यामागे हेही एक कारण आहे.

नुकसान झाडावरच थांबत नाही. पोपटांच्या शरीरात ‘क्लॅमिडिया सिटासी’ हा जिवाणू असू शकतो. पक्षी वरून ठणठणीत दिसतो. मात्र पकडणे, कोंबणे, उपासमार यांच्या ताणाने जिवाणू विष्ठेतून अधिक बाहेर पडतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत गेली, की साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी, कोरडा खोकला आणि कधी न्यूमोनिया होतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून विक्रीला नेलेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत या ‘सिटॅकोसिस’ची साथ पसरली, आणि १९३० मध्ये अमेरिकेला पोपटांची आयात थांबवावी लागली.

आजार विरळ आहे, पण निदान सहज हुकते. न्यूमोनियात एरवी दिली जाणारी पेनिसिलिन गटातील औषधे येथे फारशी चालत नाहीत; डॉक्सिसायक्लिन चालते. म्हणून खोकला-ताप घेऊन दवाखान्यात गेल्यावर घरात किंवा शेजारी पोपट असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पिंजरा साफ करताना तो आधी ओला करावा, तोंडावर मास्क लावावा, नंतर हात साबणाने धुवावेत.

देशी पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरात पोपट असेल तर तो परस्पर उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर तगत नाही. वनविभागाशी संपर्क साधावा. ढोलीला शिडी लागलेली दिसली, तरी १९२६ या क्रमांकावर कळवावे. गिऱ्हाईक नसेल, तर शिडीही लागणार नाही.