मेजावरील युद्ध आणि त्याचा पंच

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचे शहर आहे. तेथे ‘हिस्टोरिकॉन’ नावाचा ऐतिहासिक युद्धखेळांच्या शौकिनांचा मेळा अनेक उन्हाळे भरत आला असून, त्याच्या दालनात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मनुष्याची दृष्टी सर्वप्रथम शिपायांवरच खिळते, यात नवल नाही. एका मेजावर नेपोलियनचे पायदळ स्तंभरचनेने टेकडी चढत असते, दुसऱ्यावर रोमन पलटणी ढालींची भिंत उभारून ठाकलेल्या असतात, तर तिसऱ्यावर रशियाच्या बर्फाळ मैदानात रणगाडे रुतलेले दिसतात. बहुधा अठ्ठावीस मिलिमीटर मापाचा यातील एकेक शिपाई कोणीतरी भिंग लावून, बारीक कुंचल्याने रंगविलेला असतो, आणि त्या रेजिमेंटच्या अंगरख्याची कॉलर पिवळी होती की हिरवी, याचा निवाडा ग्रंथ चाळून मगच केलेला असतो. दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडलेल्या मराठी मनाला या हौसेचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

मांडणीनंतर सुरू होणारा खेळ मात्र वेगळ्या जातीचा आहे. तळपट्ट्यांवर चिकटवलेल्या शिपायांच्या तुकड्या हलतात. एक बाहुली वीस, तीस किंवा त्याहूनही अधिक माणसांची प्रतिनिधी मानली जाते. कूच मापपट्टीने मोजले जाते. गोळीबाराचा परिणाम फाशांवर ठरतो. आणि मार सोसलेली तुकडी ठाम राहते की पाठ फिरवते, याचीही परीक्षा फाशांनीच घेतली जाते. ही शेवटची बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण बुद्धिबळातले प्यादे कधी भीत नाही, आणि प्रत्यक्ष रणांगणातील बहुसंख्य पराभव मात्र मृत्यूने नव्हे, तर भीतीने घडलेले असतात.

तथापि या सर्व व्यवस्थेचा भार ज्याच्या शिरावर असतो, त्याच्या हाताखाली मेजावर एकही शिपाई नसतो. तो पंच होय. अमेरिकेतील मेळ्यांत प्रत्येक डावाची वेळ आगाऊ जाहीर होते, खेळू इच्छिणारे आपली नावे नोंदवितात, आणि सुमारे चार तासांच्या त्या डावाचा यजमान, म्हणजे हाच पंच, स्वतः रंगविलेल्या दोन्ही फौजा, टेकड्या, झाडी, नद्या, गावे आणि नियमांचा गोषवारा मोटारीत घालून, कधी शेकडो मैल अंतर तोडून घेऊन येतो. मग तो हे सारे वैभव नुकतीच ओळख झालेल्या माणसांच्या हाती सोपवून स्वतः बाजूला उभा राहतो. विजय त्याच्या वाट्याला येणार नसतो. डाव रंगला एवढेच त्याचे श्रेय. हौसेच्या जगात इतका निरपेक्ष उद्योग मला अन्यत्र क्वचितच आढळला आहे.

या पंचाची वंशावळ प्रशियापर्यंत पोहोचते. ब्रुन्सविक येथील हेल्विग याने १७८० मध्ये बुद्धिबळाचा विस्तार करून एक युद्धखेळ रचला होता. परंतु बुद्धिबळात सर्व काही दोघांच्याही डोळ्यांसमोर असल्यामुळे तिसऱ्या माणसाचे प्रयोजनच नव्हते. पुढे राइसवित्झ नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने प्रशियाच्या राजाला १८१२ मध्ये भूपृष्ठाच्या प्लास्टरच्या तुकड्यांनी सजविलेले मेज सादर केले, आणि तोफखान्यात लेफ्टनंट असलेल्या त्याच्या पुत्राने १८२४ मध्ये तोच खेळ एकास आठ हजार या प्रमाणाच्या नकाशावर आणून त्याला खरे स्वरूप दिले. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यावेत, दोन मिनिटांत फौज जेवढी चालेल तेवढीच तिला चालू द्यावी, आणि शत्रूच्या नजरेस येण्याजोगे जे असेल तेवढेच पंचाने नकाशावर ठेवावे, अशी त्याची योजना होती. सेनापतीला रणांगण जसे दिसते, म्हणजे अपुरे आणि उशिरा, तसे ते खेळाडूला दिसावे यासाठी पंचाची योजना झाली. सरसेनानीमंडळाचा प्रमुख म्युफ्लिंग हा खेळ पाहून इतका प्रभावित झाला की, याला खेळ न म्हणता युद्धाचे शिक्षण म्हणावे, अशा आशयाची शिफारस त्याने सैन्यात प्रसृत केली. १८७६ मध्ये प्रशियन अधिकारी वेर्दी द्यु वेर्न्वा याने त्यापुढचे पाऊल टाकले आणि हानी मोजण्याची कोष्टके बाजूस सारून अनुभवी पंचाच्या विवेकावरच निकाल सोपविण्याचा पुरस्कार केला.

एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ सामान्य नागरिकाच्या दिवाणखान्यात आणला, तेव्हा हा पंच जवळजवळ नाहीसा झाला होता. वेल्सच्या खेळात खेळण्यातील तोफेतून प्रत्यक्ष गोळा उडे आणि जो शिपाई पडेल तो मेला. निवाड्याला फारशी जागाच नव्हती. त्याच पुस्तकाच्या शेवटी वेल्सने खऱ्या युद्धाविषयीचा आपला तिटकारा निःसंदिग्धपणे नोंदविला, आणि वर्षभरातच युरोप पेटला.

पंच परतला तो अमेरिकेत. फ्लेचर प्रॅट या लेखकाने १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जमिनीवर नौका मांडून जे आरमारी खेळ भरविले, त्यांत खेळाडूने शत्रुनौकेचे अंतर केवळ डोळ्यांनी अजमावून लिहून द्यायचे आणि मोजमाप नंतर पंचांनी करायचे, असा शिरस्ता होता. १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक प्रशियन गावाचा डाव मांडला आणि सेनापतींखेरीज गावातील इतर माणसांच्या भूमिकाही मित्रांना वाटून दिल्या. प्रत्येकाचा हेतू निराळा, आणि सर्वांचे हेतू जाणणारा पंच एकटा. त्या मंडळींतील डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचा गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांचा उगम असा थेट या युद्धमेजात आहे. गायगॅक्सने १९६८ मध्ये लेक जिनिव्हा येथे सुरू केलेला ‘जेन कॉन’ हा मेळाही मुळात युद्धखेळांचाच होता.

मित्रांसह असा डाव खेळण्याचे सुख समजून घ्यायचे असेल, तर सोयीसाठी असईचे उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातील या गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई ब्रिटिश नि अमेरिकन युद्धखेळाडूंच्या परिचयाची आहे. ब्रिटिश सेनापती वेल्स्लीजवळ जेमतेम साडेचार हजार कवायती सैन्य, शिवाय म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडदळ. समोर शिंदे-भोसल्यांचे अफाट घोडदळ, शंभराच्या आसपास तोफा, आणि हॅनोव्हरच्या पोलमनच्या हुकमतीखालील दहा हजारांच्या घरातील कवायती पायदळ. केळना नदीला उतार नाही, असे वाटाड्ये सांगत असताना, समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क वेल्स्लीने केला आणि तो खरा ठरला. पोलमननेही कमी कौशल्य दाखविले नाही. शत्रू बगलेवर उतरताच त्याने संपूर्ण फळी काटकोनात वळवून त्याच्या समोर उभी केली. वेल्स्लीचे दीड हजारांहून अधिक लोक पडले किंवा जायबंदी झाले.

आता हा डाव मांडायचा कसा? उताराची गोष्ट ठाऊक असलेला खेळाडू थेट तिकडेच जाणार, म्हणून कुशल पंच कधी लढाईचे नाव आणि देश बदलून टाकतो, तर कधी उताराची जागा फाशांवर सोडतो. मराठ्यांच्या बाजूला बसलेल्या तीन-चार मित्रांना तो वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवून परस्परांत बोलण्याची मनाई करतो आणि चिठ्ठ्या मात्र आपल्या हातूनच जाऊ देतो. एकाने सकाळी धाडलेला हुकूम दुसऱ्याला दुपारी मिळतो. तोवर ज्या टेकडीवर जायचे ती शत्रूने घेतलेली असते. वर्षानुवर्षांचा स्नेह असलेली माणसेही अशा वेळी एकमेकांच्या मनातले ओळखू शकत नाहीत, आणि डाव संपल्यावर सर्व चिठ्ठ्या मेजावर पसरून, कोणाचा हुकूम कोठे अडकला याचा शोध घेण्यात जो तास जातो, तोच मला या खेळाचा सर्वांत रसाळ भाग वाटतो.

परंतु असईत पंचासमोर एक कठीण प्रश्न उभा राहतो. शिंदे आणि भोसले घोडदळासह रण सोडून गेले, आणि पायदळ व तोफखाना मात्र झुंजत राहिले. तेव्हा मराठ्यांच्या बाजूच्या खेळाडूच्या हाती ते घोडदळ द्यावे की नाही? द्यावे, तर संख्येच्या बळावर वेल्स्ली चिरडला जातो. न द्यावे, तर निकाल आधीच ठरविल्यासारखा होतो. माझ्या मते घोडदळ द्यावे, पण प्रत्येक हुकुमागणिक ते ऐकेल की नाही याची परीक्षा घ्यावी, आणि ती परीक्षा किती कडक असावी हे ठरविताना सरदारांच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीचा कागदोपत्री शोध घ्यावा. येथेच उणीव आहे. इंग्रजी वाचणाऱ्या पंचाला सहज मिळणारी साधने बहुतांशी वेल्स्लीच्या छावणीतून आलेली, म्हणून त्याच्या मेजावर वेल्स्लीची फौज तपशीलवार उतरते आणि मराठ्यांची केवळ संख्येने. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि मोडी वाचणारे लोकही अद्याप आहेत. त्यांच्यापैकी कोणी शिंदे-भोसल्यांच्या पलटणी, त्यांच्या निशाणांचे रंग, सरदारांतील हेवेदावे आणि रसदेची अवस्था यांची टिपणे काढून असईचा डाव स्वतः मांडला, तर लँकेस्टरच्या मेजावर पोलमनच्या जागी बसणाऱ्या परक्या मुलखातील खेळाडूलाही आपण कोणाच्या वतीने लढतो आहोत, हे प्रथमच नीट कळेल.