दक्षिण वेल्सची ‘फेड’

कामगार संघटनेचा इतिहास लिहायचा म्हटला की आपल्याकडे संपांची जंत्री होते. कोणता संप किती दिवस चालला, पगार किती वाढला, नेता कोण होता. हेच माप लावले तर साउथ वेल्स मायनर्स फेडरेशन या कोळसा खाणकामगारांच्या संघटनेच्या खात्यात पराभवच अधिक निघतील. १८९८, १९११, १९२६, १९८५ या सालांत दक्षिण वेल्सचे खाणकामगार महिनोन्‌महिने उपाशी राहून हात हलवत कामावर परतले. तरीही मी हिला ब्रिटनमधली सर्वांत यशस्वी प्रादेशिक संघटना मानतो.

तिचा जन्मच एका पराभवातून झाला. १८७५ पासून दक्षिण वेल्समध्ये मजुरी कोळशाच्या बाजारभावाला बांधलेली होती. भाव उतरला की पगार आपोआप उतरे. ही पद्धत मोडण्यासाठी १८९८ मध्ये कामगार उठले आणि सुमारे पाच महिन्यांच्या टाळेबंदीनंतर हरले. महिन्यातून एका सोमवारी मिळणारी सुट्टीसुद्धा मालकांनी काढून घेतली. खोऱ्याखोऱ्यांतल्या सुट्या संघटनांचा निभाव लागणार नाही, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना कळून चुकले. ऑक्टोबरमध्ये फेडरेशन स्थापन झाली. लोक तिला नुसते ‘फेड’ म्हणत. पहिले अध्यक्ष विल्यम अब्राहम, म्हणजेच ‘माबोन’, हे समेटावर विश्वास असलेले ऱ्होंडाचे खासदार होते.

माबोन यांचा समेट फार काळ टिकला नाही, आणि त्याचे कारण जमिनीखाली होते. कोळसा फोडणाऱ्याला टनामागे मजुरी मिळे. पण थर सगळीकडे सारखा नसतो. कुठे मध्येच दगड लागतो, कुठे पाणी साचते, कुठे छत खचते. अशा जागी दिवसभर राबूनही कोळसा कमी निघतो आणि घरी जाणारे पैसेही कमी होतात. १९१० मध्ये टोनीपँडीजवळच्या ईली खाणीत नव्या थराच्या दरावरून हाच वाद पेटला. माणसे मुद्दाम हळू काम करतात, असे म्हणत कंपनीने सगळ्या खाणीलाच टाळे ठोकले. ती खाण ज्या केंब्रियन समूहाची होती, त्याच्या सर्व खाणींत वाद पसरला आणि सुमारे १२,००० कामगार बाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये टोनीपँडीत दंगल झाली. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी लंडनचे पोलीस धाडले, मागोमाग लष्करही आले. त्या खोऱ्यांनी चर्चिल यांना पुढे कधीच माफ केले नाही. वर्षभराने कामगार परतले ते आधी नाकारलेल्या दरानेच. पण अशा अवघड जागीही ठरावीक किमान वेतन मिळावे, ही मागणी आता वेल्सपुरती उरली नव्हती. १९१२ मध्ये देशभरातले सुमारे दहा लाख खाणकामगार संपावर गेले आणि पार्लमेंटला किमान वेतनाचा कायदा करावा लागला.

त्याच साली टोनीपँडीत ‘द मायनर्स नेक्स्ट स्टेप’ ही पुस्तिका निघाली. नोआ ॲब्लेट आणि त्यांच्या तरुण साथींनी तिच्यात खाणी कामगारांनीच चालवाव्यात, असे मांडले आणि सगळी सत्ता नेत्यांच्या हाती देण्याला विरोध केला. ती लिहिणारे स्वतः खाणकामगार होते, ही गोष्ट मला पुस्तिकेतल्या मतांइतकीच महत्त्वाची वाटते.

१४ ऑक्टोबर १९१३ रोजी सेंगेनिडच्या युनिव्हर्सल खाणीत स्फोट झाला. ४३९ कामगार आणि बचावकार्यातला एक जण, असे ४४० जीव गेले. याच खाणीत १९०१ मध्ये ८१ जण मेले होते. चौकशीअंती व्यवस्थापकाला २४ पौंड आणि कंपनीला १० पौंड दंड झाला.

अशा मुलखात संघटना केवळ पगारापुरती राहूच शकत नव्हती. प्रत्येक खाणीवर तिची शाखा असे. तिला ‘लॉज’ म्हणत. घरभाड्याच्या तक्रारीपासून विधवेच्या भरपाईपर्यंत सगळे लॉजच्या दारी येई. पगारातून पेनी-पेनी कापून कामगारांनी गावोगावी सभागृहे आणि वाचनालये उभी केली. फेडने रेल्वे कामगारांच्या संघटनेसोबत लंडनचे सेंट्रल लेबर कॉलेज चालवले आणि होतकरू तरुणांना खाणीतून उचलून तिथे शिकायला पाठवले. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेले अन्यूरिन बेव्हन त्यांतलेच. त्यांच्या ट्रेडेगर गावात कामगारांच्या वर्गणीवर दवाखाना आणि डॉक्टर चालत. ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री म्हणून त्यांनी सुरू केलेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेमागे ट्रेडेगरचा हा अनुभव होता. त्याच कॉलेजात शिकलेले जिम ग्रिफिथ्स राष्ट्रीय विमा मंत्री झाले. खाणीत फुप्फुसे धुळीने भरून माणसे दगावत, त्या आजाराच्या भरपाईसाठीही फेड वर्षानुवर्षे भांडली. १९४३ मध्ये ही भरपाई कायद्याने मान्य झाली.

सगळ्यांत कमी बोलले जाते ते १९२६ नंतरच्या काळाबद्दल. त्या वर्षीचा देशभरातला सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मागे घेतला गेला, पण खाणकामगार पुढे सहा महिने एकटे लढले आणि मोडले. मग मालकांनी आपली पाळलेली संघटना उभी केली. काही खाणींत काम हवे तर तिचेच सभासद व्हावे लागे. फेडची माणसे काळ्या यादीत गेली, सभासदसंख्या कोसळली, हजारो कुटुंबे वेल्स सोडून गेली. यातून संघटना परत उभी राहिली ती एकेक खाण जिंकत. ऑक्टोबर १९३५ मध्ये नाइन माइल पॉइंट खाणीतले कामगार पाळी संपल्यावर वर आलेच नाहीत. सुमारे आठवडाभर खालीच ठाण मांडून बसले. हे लोण इतर खाणींत पसरले. पुढच्या वर्षी आर्थर हॉर्नर अध्यक्ष झाले आणि १९३८ पर्यंत मालकांची संघटना संपली. मला विचाराल तर फेडचा सर्वांत मोठा विजय हाच.

१९४५ मध्ये ती राष्ट्रीय संघटनेत विलीन झाली आणि १९४७ मध्ये खाणी सरकारी झाल्या. मालक बदलले, पण खाणी बंद होण्याचे संकट टळले नाही. या खाणबंदीविरुद्धचा १९८४ चा संप सुरू झाला तेव्हा दक्षिण वेल्समधल्या बहुतेक लॉजनी आधी विरोधात मत दिले होते. एकदा बाहेर पडल्यावर मात्र सुमारे २०,००० कामगारांतले फार थोडे फुटले. मुंबईच्या गिरण्यांचा संप दोन वर्षे आधीचा, म्हणून त्या खोऱ्यांतल्या स्त्रियांनी चालवलेल्या अन्नछत्रांबद्दल वाचताना मराठी वाचकाला गिरणगाव आठवल्याशिवाय राहणार नाही. मार्च १९८५ मध्ये दक्षिण वेल्सचे कामगार बँडच्या तालावर, लॉजचे झेंडे घेऊन कामावर परतले. खाणी तरीही बंद पडल्या. टॉवर ही एक खाण तेवढी २३९ कामगारांनी प्रत्येकी ८,००० पौंड घालून विकत घेतली आणि १९९५ पासून २००८ पर्यंत चालवली.

हे सगळे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण सभागृहे बंद पडून पुस्तके रद्दीत जाऊ लागली तेव्हा काही अभ्यासक आणि कामगार धावले. म्हाताऱ्या खाणकामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित झाल्या आणि १९७३ मध्ये स्वान्सीला खाणकामगारांचे वाचनालय उभे राहिले. आपल्या चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी भागातही कोळशाच्या खाणी आहेत आणि त्यांच्या संघटनाही आहेत. खाणी सरकारी होण्यापूर्वी, म्हणजे १९७३ च्या आधी, त्यांत उतरलेली माणसे आता फार थोडी उरली असतील. ज्यांच्या घरात अशा संघटनेच्या पावत्या, सभांची इतिवृत्ते, जुने फोटो असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, आणि विदर्भातल्या विद्यापीठांनी ते मागायला त्यांच्या दारी जावे.