परवाना परीक्षेची वाट (भाग ४) : कोणतं साहित्य ठेवायचं, कोणतं सोडायचं

मागच्या भागात आपण कागदपत्रांची पडताळणी आणि परीक्षेला बसायची परवानगी इथपर्यंत आलो. ती परवानगी येण्याच्या कितीतरी आधीपासून मुलींच्या फोनमध्ये अभ्यासाचा ढीग साठू लागलेला असतो. सीनियर सिस्टरने पाठवलेल्या पीडीएफ, टेलिग्रामवरचे प्रश्नसंच, कुणाच्या तरी क्लासच्या नोट्स, जुनी ऑडिओ व्याख्यानं. रात्रपाळी संपवून घरी आलेल्या परिचारिकेला हे सगळं वाचणं शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. एनक्लेक्स-आरएन या परवाना परीक्षेसाठी साहित्य थोडंच लागतं, पण ते नेमकं असावं लागतं.

पहिला कागद फुकट आहे. ही परीक्षा घेणारी अमेरिकेतली एनसीएसबीएन ही संस्था आपला ‘टेस्ट प्लॅन’, म्हणजे परीक्षेचा आराखडा, सर्वांसाठी खुला ठेवते आणि दर तीन वर्षांनी तो नव्याने मांडते. पैसे खर्च करण्याआधी तो वाचा. बी.एस्सी. नर्सिंगला आपण मेडिकल-सर्जिकल, पेडियाट्रिक, ओबीजी, सायकियाट्रिक असे विषय वेगवेगळे शिकलो. या आराखड्याची विभागणी मात्र रुग्णाच्या गरजांवर बेतलेली आहे. २०२३ च्या आराखड्यात सगळ्यात मोठा वाटा ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’चा आहे, १५ ते २१ टक्के. त्याखालोखाल औषधं आणि सलाईनवाटेचे उपचार, १३ ते १९ टक्के. आपल्या हातातलं पुस्तक या दोन भागांना किती पानं देतं, ते अनुक्रमणिकेवरून पाच मिनिटांत कळतं.

दुसरी कसोटी तारखेची. १ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललं. आता पाच तासांत किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात. प्रत्येकीला तीन केस स्टडी येतात आणि प्रत्येकीत सहा प्रश्न असतात: लक्षणं ओळखा, त्यांचा अर्थ लावा, आधी काय धोक्याचं ते ठरवा, उपाय सुचवा, कृती करा, परिणाम तपासा. अनेक उत्तरं निवडायच्या प्रश्नांना आता अंशतः गुण मिळतात, पूर्वी एक चुकलं की सगळं गेलं. त्यामुळे एखाद्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत कमाल २६५ प्रश्न असं लिहिलेलं दिसलं, तर ते २०२० च्या आधीच्या परीक्षेसाठी आहे हे ओळखा. हार्ट फेल्युअर कळण्यासाठी ते चालेल. परीक्षेच्या सरावासाठी ते वापरू नका.

आता विकत घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: एक आढावा-पुस्तक आणि एक प्रश्नपेढी. पुस्तकांत सॉन्डर्सचं जाडजूड रिव्ह्यू बहुतेकींना माहीत असतं. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला घेऊ नका. जिथे अडाल तिथे उघडण्यासाठी ते जवळ ठेवा. अभ्यासाचा मोठा वेळ यूवर्ल्ड, आर्चर यांसारख्या एखाद्या प्रश्नपेढीवर गेला पाहिजे. पेढी निवडताना प्रश्नांची संख्या पाहू नका, उत्तराखालचं स्पष्टीकरण पाहा. बरोबर पर्याय का बरोबर हे बहुतेक जण सांगतात. उरलेले तीन का चुकीचे, हे जिथे नीट सांगितलंय ती पेढी घ्यावी, कारण या परीक्षेत दोन पर्याय सहज गाळता येतात आणि खरी घालमेल उरलेल्या दोहोंत होते.

आपल्याकडच्या परिचारिकांना एका विषयासाठी वेगळं साहित्य लागतं, तो म्हणजे कामाची वाटणी. आपल्या वॉर्डात मावशी असतात, मामा असतात, विद्यार्थिनी असतात आणि नातेवाईकही असतात. स्पंजिंग, भरवणं, कधीकधी नळीवाटे फीड देणंसुद्धा घरचं माणूस करतं. परीक्षेतल्या वॉर्डात आरएन (नोंदणीकृत परिचारिका), एलपीएन (मर्यादित परवान्याची परिचारिका) आणि साहाय्यक अशी उतरंड असते आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. स्थिर रुग्णाचं बीपी साहाय्यक मोजू शकतो. पहिली तपासणी, घरी जाण्यापूर्वीचं समजावून सांगणं, उपचाराचा परिणाम ठरवणं ही कामं आरएनने दुसऱ्यावर सोपवायची नसतात. चार रुग्णांपैकी आधी कुणाकडे जाल, हा प्रश्न दहा वर्षं आयसीयू सांभाळलेल्या सिस्टरलाही अडवतो. तिला काम येत नाही म्हणून नाही, तिने ते वेगळ्या व्यवस्थेत केलंय म्हणून. यासाठी लाचॅरिटी यांचं प्राधान्यक्रम आणि कामवाटणीवरचं सराव-पुस्तक घेतलंत, तर पैसे वाया जाणार नाहीत.

औषधांसाठी मात्र स्वतःची वही करा. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो ते तिथे अ‍ॅसिटामिनोफेन. सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन, ग्लिबेनक्लॅमाइड म्हणजे ग्लायब्युराइड. वॉर्डात आपण ब्रँडच्या नावाने औषध मागतो, परीक्षा साधारणपणे मूळ नावानेच विचारते. रोजच्या ड्युटीत हाताळलेली औषधं त्या रात्री या वहीत उतरवली, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आणि ‘रिकॉल’, म्हणजे परीक्षा दिलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न. हे विकणारे बरेच आहेत आणि कर्ज काढून तयारी करणाऱ्या मुली त्यांना पैसे देतात, याचा मला मनापासून राग येतो. ही परीक्षा उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडते, त्यामुळे दोघींना सारखी प्रश्नपत्रिका येत नाही. शिवाय प्रश्न बाहेर न सांगण्याचं वचन प्रत्येक उमेदवार देते. ते मोडल्याचं आढळलं तर निकाल रद्द होऊ शकतो. असे ग्रुप आजच सोडा.

प्रश्नपेढीची वर्गणी ठरावीक दिवसांची असते आणि बरेचदा ती सुरू केल्या क्षणापासून मोजली जाते. म्हणून पुढच्या दोन महिन्यांचं ड्युटी रोस्टर हातात आल्याशिवाय ती घेऊ नका. रात्रपाळ्यांचा आठवडा कुठला, सलग सुट्ट्या कुठे, हे पाहून सुरुवातीची तारीख ठरवा. पेढीसोबत येणारी पूर्ण लांबीची स्वचाचणी लगेच सोडवून टाकू नका. ती परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी, सकाळी, फोन बंद करून, सलग बसून द्या. कमी पडलेला भाग सावरायला तेवढे दिवस पुरतात.

पुढच्या भागात एक पूर्ण केस स्टडी घेऊन तिचे सहाही प्रश्न एकत्र सोडवू. तोपर्यंत आराखडा उतरवून घ्या आणि त्यातला ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’चा भाग वाचून ठेवा.