नाव ठेवण्याआधी

पतंग म्हटला की आपल्याला रात्र आठवते, दिवा आठवतो. पण पावसाळ्यात बुलढाण्याहून खामगावकडे जाताना बोथ्याच्या जंगलात जरा थांबा. रस्त्याकडेच्या गवतावर भर दिवसा एक पतंग संथपणे उडताना मी पाहतो. काळे पंख, त्यांत काचेसारख्या पारदर्शक खिडक्या आणि पोटावर पिवळे पट्टे. बहुतेकांना तो गांधीलमाशीच वाटतो आणि लगेच चप्पल उगारली जाते. बिचाऱ्याला नांगीच नाही! पक्ष्यांनी वाटेला जाऊ नये म्हणून घेतलेले ते सोंग, आणि माणसापुढे तेच जिवावर बेतते.

ओळखायचे कसे? गांधीलमाशीची कंबर बारीक, तोंडाला जबडे. याची कंबर जाड आणि तोंडाशी गुंडाळलेली सोंड. पंखांच्या काळ्या भागाला बोट लागले, तर पूड निघते. ते खवले, खिडक्यांवर ते नसतात. मिशा मात्र नीट पाहा. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते, याच्या दोऱ्यासारख्या असतात आणि टोके बहुधा पांढरी.

या प्रजातीचे शास्त्रीय नाव अमाटा. तिच्यातील पासॅलिस या जातीचे सुरवंट चंदनाचा पाला खातात. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७८१ साली तिचे वर्णन केले, तेव्हा तिला झायगीना या भलत्याच प्रजातीत बसवले. अमाटा हे नाव त्यानेच १८०७ मध्ये दिले. पुढच्याच वर्षी ऑक्सेनहायमरने सिंटोमिस हे नाव काढले. जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ च्या आपल्या ग्रंथात हे धाकटे नावच वापरले. शास्त्राच्या नियमाने मान आधीच्या नावाला, म्हणून आज अमाटा. एका वर्षाने थोरली! हॅम्पसन यांनी या पतंगांचे स्वतंत्र कुळ मानले होते. आता त्यांची गणना एरेबिडी या मोठ्या कुळात होते.

खरी पंचाईत जात ठरवताना येते. पट्टे किती, खिडक्या केवढ्या, हे एकाच जातीतही थोडे बदलते. शेवटी नराच्या जननांगांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, नुसत्या छायाचित्रावर ते भागत नाही. मी पतंग मारत नाही. त्यामुळे माझ्या वहीत तारीख, ठिकाण, तो बसलेली वनस्पती, पुढे 'अमाटा' आणि जातीची जागा कोरी.