रेल्वेच्या डब्यात दिलेला शब्द

नागपूरहून राजनांदगावला निघालेली गाडी कामठी सोडते, नदीचा पूल ओलांडते आणि कन्हानला, म्हणजे आमच्या पारशिवनी तालुक्यात शिरते. याच मार्गावर 1893च्या सुमारास कवी नारायण वामन टिळकांना डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या, मग गोष्ट धर्मावर आली. त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला!

हा किस्सा सांगणारे भाकितावर भर देतात. मला त्यात टिळकांचं एक वाक्य मोठं वाटतं. पुस्तक वाचीन, असा शब्द त्यांनी त्या अनोळखी माणसाला दिला होता. सुरुवातीला गोडी लागेना, तरी शब्द दिलाय म्हणून ते पेन्सिल घेऊन खुणा करत वाचत राहिले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. कन्हानच्या पुलावर गाडी खडखडू लागली की मी अजूनही उगाच समोरच्या बाकाकडे बघतो.

बायबलमध्ये बोललेला शब्द असाच बांधून ठेवतो. आंधळा इसहाक थोरला मुलगा एसाव समजून धाकट्या याकोबाला आशीर्वाद देतो. फसवणूक उघडी पडते, एसाव धाय मोकलून रडतो, पण आशीर्वाद परत घेता येत नाही. कैकेयीचे वर ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. हल्ली काही प्रवचनकार सांगतात, तोंडाने घोषणा करा, गाडी-बंगला मिळेल. मला ते पटत नाही. नव्या करारातलं याकोबाचं पत्र उघडावं (हा याकोब वेगळा): जिभेने काय मिळवता येईल हे तिथं नाही, तिला आवर कसा घालायचा याचीच काळजी आहे.

मराठीतल्या ख्रिस्ती काव्याचा इतिहास थोडक्यात उरकतो. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. त्यांचं सुमारे 11,000 ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. जुनी पुराणं सुटलेल्या नवख्रिस्ती मंडळींना ऐकायला काहीतरी हवं होतं, त्यातून ते जन्मलं. शांताराम बंडेलूंनी 1956 साली त्याची देवनागरी आवृत्ती काढली. ते मनात वाचलं तर जड जातं. आमच्याकडे श्रावणात एकजण पोथी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. तशी बैठक घालून मोठ्याने वाचलं की तीन चरणांचं यमक जुळत चौथा आखूड चरण येतो, तिथं मान आपोआप डोलते.

टिळकांनी हे नेमकं ओळखलं आणि थेट ख्रिस्ती कीर्तनच उभं केलं: येशूचं आख्यान, अभंग, टाळ. मराठी ख्रिस्ती मंडळ्या त्यांची भजनं आजही गातात. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं त्यांचं काव्य मात्र दहा-अकरा अध्यायांवर राहिलं आणि 1919 मध्ये ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या, जोडाक्षरांशी झटापट केलेल्या या बाई कीर्तनालाही उभ्या राहत. माझ्या मते त्यांना ओवी कागदावरून आलीच नव्हती, ती कानातून आली होती.